पावाच्या टिनातला घुमारा

आर्लिस टॉर्गरसन कशी आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी तिचे हात सांगते. तोंडाने ती फार बोलत नाही, आणि बोललीच तर बर्फ किती पडला यावर. पण हात बघा. पंचाहत्तरी आली तरी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवते, तोही चष्मा डोक्यावर ठेवून. एकतीस वर्षं आम्ही दोघी एका बाकाला बसलो, गावाबाहेरच्या स्प्रिंगांच्या कारखान्यात, ती खिडकीशी आणि मी तिच्या डावीकडे. माझं नाव लव्हॉन, पण सगळे व्हॉनी म्हणतात. बाकावर बोलायचं खातं माझं होतं. ती नुसती "हं" म्हणायची, आणि तिच्या एका "हं"मध्ये काय काय असतं ते कळायला मला पहिली दोन वर्षं गेली.

आम्ही गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये बसणारे रिव्हर्बचे डबे बनवायचो. पत्र्याचा लांबट ट्रे, त्यात शेजारी शेजारी टांगलेल्या दोन बारीक स्प्रिंगा. एका टोकाच्या कॉईलमधून गिटारचा आवाज आत शिरतो, स्प्रिंग थरथरते, ती थरथर पलीकडच्या टोकाला जाऊन मागे फिरते, परत जाते, परत येते. पलीकडची कॉईल ही सगळी ये-जा उचलते आणि गिटारच्या साध्या आवाजात मिसळते. मग कोपऱ्यातल्या खोलीत बसून वाजवलं तरी मोठ्या चर्चमध्ये वाजवल्यासारखा घुमारा येतो. म्हणे. म्हणे अशासाठी, की आम्ही दोघींनी तो कधी ऐकला नव्हता. आर्लिस स्प्रिंगांना नखाएवढे हूक वळवायची, त्या टांगायची आणि डबा माझ्याकडे सरकवायची. मी तो तपासायची, पण कानाने नव्हे, मीटरच्या सुईने. सुई हिरव्यात गेली की पास. मग डबा परत तिच्याकडे, ती स्प्रिंगांखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवून झाकण लावायची, म्हणजे ट्रकच्या हादऱ्यांनी स्प्रिंगा आपटायला नकोत, आणि डबा खोक्यात. दिवसाला दीडशे. रेडिओवर त्यांचा आवाज शंभरदा कानावरून गेला असेल, पण त्यातलं आपलं कुठलं हे सांगायला कोण येणार होतं? पुढे कारखाना बंद पडला. निरोपाला केक होता, तोही बाजारचा.

आता नॉर्व्हल. आर्लिसचा थोरला भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही, बापाच्या शेतावर चाळीस गाई पाळल्या आणि त्या दोहता दोहता म्हातारा झाला. त्याला एकच नाद, इलेक्ट्रिक गिटार. संध्याकाळचं दूध काढून झालं की तो दुधाच्या खोलीत जाऊन बसायचा. खाली सिमेंट, भिंती सिमेंटच्या, मधे दुधाची स्टीलची मोठी टाकी, टाकीवर त्याचा छोटा ॲम्प्लिफायर. तिथे एक तार छेडली की चार घरांपर्यंत ऐकू जायची. आम्ही शुक्रवारी मासे खायला निघालो की वाटेत गाडीची काच खाली करायचो, थंडी असली तरी. त्याला कुणी चांगलं वाजवतोस असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. फार आवडलं तर "वाईट नाही" म्हणायचं, आणि तेही दाराकडे जाता जाता.

नॉर्व्हलच्या गाई गेल्या, मग शेत गेलं, गुडघे तर त्याआधीच गेले होते. ऑक्टोबरात त्याला गावातल्या म्हाताऱ्यांच्या केअर सेंटरमध्ये आणलं. खोली चांगली होती हो, मी उगाच नावं ठेवणार नाही. खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं, पलंगावर आर्लिसने शिवलेली गोधडी, कोपऱ्यात ॲम्प्लिफायर आणि गिटार. पण खाली जाड गालिचा, खिडकीला जाड पडदे, वरच्या छताला आवाज पिणाऱ्या मऊ टाइल्स. पहिल्याच दिवशी त्याने दोन तारा छेडल्या आणि गिटार खाली ठेवली.

"इथे आवाज खाली पडतो आणि पडूनच राहतो," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने गिटारला हात लावला नाही. गिटार सुटली तसं बोलणं सुटलं, मग जेवणाच्या खोलीत जाणं सुटलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आर्लिस त्याच्यासाठी लेफ्से घेऊन गेली, बटाट्याची पातळ पोळी, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेली, त्याला जन्मापासून आवडणारी. आमच्याकडे कुणी काही पुढे केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही लहानपणापासूनची शिस्त. नॉर्व्हल एकदाच नको म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. ती दुसऱ्यांदा विचारेल याची त्याने वाटसुद्धा बघितली नाही. आर्लिसने बशी हातात धरूनच मला गाडीत सांगितलं, "त्याने सोडून दिलंय, व्हॉनी. उन्हाळा बघायचा नाही तो असा राहिला तर." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून नवरा गेला तेव्हाही ऐकलं नव्हतं.

दोन मैल गेल्यावर ती म्हणाली, "मी त्याला घुमारा करून देते."

"काय करून देतेस?"

"डबा. आपण करायचो तो."

"अगं, विकत मिळतो तो. माझ्या नातीला सांगते, फोनवर मागवेल, परवा दारात येईल."

"कुणी केलेला?"

"मला काय ठाऊक कुणी केलेला? कुठल्या तरी यंत्राने."

"हं," ती म्हणाली. हे "हं" मला चांगलं ठाऊक होतं. आता साक्षात बिशप आला असता तरी ऐकणार नव्हती ती. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. कारखाना बंद झाल्यापासून माझ्या हातांना फक्त भांडी आणि पत्ते एवढंच काम होतं.

तिच्या स्वयंपाकघरात आम्ही पसारा मांडला. टेबलाच्या कडेला शिकंजा आवळला, त्यात हाताने फिरवायचं जुनं ड्रिल धरलं. चर्चचा पियानो जुळवायला येतो त्याच्याकडून बारीक पोलादी तारेचं वेटोळं आणलं. आर्लिसने तिच्या विणायच्या सुया एकेक करून तारेपाशी धरून बघितल्या आणि सगळ्यांत बारीक सुई ड्रिलच्या तोंडात बसवली. मी दांडा फिरवायची, ती बोटांत तार ताणून धरायची, आणि सुईवर स्प्रिंग चढत जायची. पहिली चार वाया गेली. एक सुटली ती सरळ माझ्या कपाळावर.

"हळू फिरव," ती म्हणाली.

"हळूच फिरवतेय. तू ताण कमी कर."

"ताण बरोबर आहे."

"मग माझं कपाळ चुकीच्या जागी असेल."

त्यावर ती हसली, अगदी थोडं. दुसरी स्प्रिंग उलट्या दिशेने वळायची असते, नाहीतर दोन्ही एकाच बाजूला पीळ घेतात. कारखान्यात ते आयतं यायचं. इथे मला दांडा डाव्या हाताने उलटा फिरवावा लागला आणि खांदा आठवडाभर दुखला. स्प्रिंगच्या टोकाला लावायचे मोत्याएवढे चुंबक माझ्याकडे होते, औषधाच्या बाटलीत जपून ठेवलेले. चोरले नव्हते. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी झाडताना सापडले होते, आणि झाडत मीच होते. कॉईल गुंडाळायला तार निघाली दारावरच्या जुन्या घंटीतून. आवाज ढकलायचं आणि परत उचलायचं सर्किट मी आर्लिसच्या नवऱ्याच्या बंद रेडिओतले भाग काढून जुळवलं, एका बटणासकट, घुमारा कमी-जास्त करायला. सोल्डरिंगचा धूर तिच्या पडद्यांना लागला म्हणून ती दोन दिवस माझ्याशी जरा कमी बोलली, पण नेहमीपेक्षा कमी म्हणजे किती, ते मोजायला अवघडच होतं.

ट्रे कशाचा करायचा यावर ती विचार करत राहिली. मग माळ्यावरून आईचा पाव भाजायचा लांबट टीन घेऊन आली. आठ पोरांचा पाव त्यात भाजला गेला होता आणि तळ काळा पडला होता. "नॉर्व्हल कडेचा तुकडा मागायचा," ती म्हणाली, "रोज." आतली पट्टी त्या टिनात चार बॉलपेनांच्या स्प्रिंगांवर टांगली, म्हणजे बाहेरची पावलं आत ऐकू येऊ नयेत. ती बॉलपेनं आमच्या लुथरन चर्चच्या ऑफिसातली. पाद्रीबाईंना अजून पत्ता नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात डबा तयार झाला. मी माझं जुनं मीटर काढलं, तारा जोडल्या, आणि सुई हिरव्यात गेली. नुसती गेली नाही, तिथे नाचली. आम्ही दोघी बघत राहिलो. मी "पास" म्हटलं आणि डबा तिच्याकडे सरकवला. तिने तिचं काय ते केलं, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मग आम्ही कॉफी प्यायलो. ऐकून बघावं असं एकीच्याही मनात आलं नाही. सुई हिरव्यात गेली, आता आणखी काय बघायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा शालीत गुंडाळून आम्ही नॉर्व्हलकडे गेलो. योलांदा त्याला खुर्चीत बसवत होती. ती तिथे कामाला आहे, अंगाने एवढीशी, पण दोन मजले तिच्या आवाजावर चालतात.

"बघा कोण आलंय, आजोबा. बहीण आली, वायरी घेऊन आली. आज काय, इथली वीज तोडणार का?"

 नॉर्व्हल इतका वाळला होता की शर्टाची कॉलर मानेपासून वेगळीच उभी होती. आर्लिसने त्याला विचारलंच नाही, विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. तिने डबा जोडला, ॲम्प्लिफायर लावला, गिटार उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याचा उजवा हात धरून तारांवर नेला. असं कुणाला धरणं आमच्यात होत नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्याने एक तार छेडली. आवाज आला, जसा यायचा तसाच, कोरडा, आणि गालिच्यावर पडून मेला. मी बटण पूर्ण फिरवलं. त्याने पुन्हा छेडली. तेच. नॉर्व्हलने गिटार तिच्याकडे सरकवली, रागाने नाही, आणि डोळे मिटले. आर्लिसचा चेहरा मला बघवेना. एकतीस वर्षांत तिचा एक डबा परत आला नव्हता, आणि हा पहिला.

आम्ही तिथेच झाकण उघडलं. मी सगळे सांधे तपासले, एकही सुटलेला नव्हता. आर्लिसने हूक बघितले, चुंबक बघितले. सगळं जागच्या जागी होतं, अगदी कारखान्यातून निघाल्यासारखं. झाकण लावून आम्ही घरी आलो, मीटर लावलं, आणि सुई पुन्हा हिरव्यात. मला रडावं की शिव्या द्याव्यात कळेना. मी शिव्या दिल्या. आधी केअर सेंटरच्या वायरिंगला, मग नॉर्व्हलच्या ॲम्प्लिफायरला, मग काउंटीच्या खड्ड्यांच्या रस्त्याला.

"रस्त्याने काही होत नाही," आर्लिस म्हणाली. "मी नीट बंद केला होता."

"मग त्याची गिटारच गेली असेल."

"गिटार वाजली."

"मग भूत असेल त्या खोलीत. मला काय विचारतेस?"

तिने डबा जवळ ओढला आणि पुन्हा बंद केला. "त्याने एकदा वाजवली, व्हॉनी. मी हात धरला म्हणून वाजवली. आता परत तो हात देईल का सांग." मी उठून बश्या धुतल्या. त्या धुतलेल्याच होत्या.

आठवडाभर बर्फाने रस्ते बंद होते. योलांदाचा फोन आला की आजोबा सूपही घेत नाहीत, डॉक्टर येऊन गेले, तुम्ही येऊन भेटून जा. भेटून जा म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. रस्ता साफ झाला त्या सकाळी आम्ही निघालो. आर्लिसने डबा मांडीवर धरला होता. मी म्हटलं, कशाला नेतेस, आज नुसतं बसू त्याच्यापाशी. ती "हं"सुद्धा म्हणाली नाही.

नॉर्व्हल पलंगावर उशांना टेकून होता. या वेळी त्याने हात दिला नाही. आर्लिसने गिटार पुढे केली तर त्याने नुसती मान हलवली. तेव्हा तिने असं काही केलं, जे मी तिला कधी करताना बघितलं नव्हतं. ती स्वतःच गिटार घेऊन खुर्चीत बसली, उलटी धरली की सुलटी तिलाच ठाऊक, आणि अंगठ्याने एक जाडी तार ओढली. कोरडा धप्प आवाज. तिने पुन्हा ओढली. धप्प.

"चालतो हा," ती त्याला म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "घरी चालतो. शपथ घेऊन सांगते, नॉर्व्हल, चालतो हा. मी केलाय."

तिने गिटार खाली ठेवली, माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि झाकण काढून उघडा टीन त्याच्या पांघरुणावर, त्याच्या नाकासमोर ठेवला. "हे बघ. ही स्प्रिंग, ही दुसरी, हे चुंबक, ही कॉईल. कुठे काही तुटलंय का सांग." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती बोटाने एकेक वस्तू दाखवत होती. मीही वाकून पाहत होते, निदान दहाव्यांदा. सगळं होतं तसंच होतं.

नॉर्व्हलने बराच वेळ टिनाकडे बघितलं.

"हा आईचा टीन," तो म्हणाला.

आठ-दहा आठवड्यांतला तो त्याचा पहिला शब्द असेल.  मग त्याने एक हात पांघरुणातून बाहेर काढला, तोच गाई दोहलेला मोठा हात, आणि बोट स्प्रिंगांच्या खाली नेलं.

"आणि हा पुठ्ठा कशाला?"

मी आर्लिसकडे बघितलं. आर्लिसने माझ्याकडे. तिथे, दोन्ही स्प्रिंगांच्या पोटाला नीट टेकून, सुंदर मापात कापलेली पुठ्ठ्याची पट्टी होती. तिच्यावर ओट्सच्या खोक्यावरची अर्धी अक्षरंसुद्धा होती. स्प्रिंगा बिचाऱ्या थरथरणार कशा, त्यांना आम्ही हाताने धरून ठेवलं होतं. घरी तपासताना मी पट्टी काढायची, तपासून झालं की आर्लिस घालायची, आणि दोघींनाही आपण ते करतोय याचा पत्ता नाही. उघडून दहा वेळा बघितलं तरी ती आमच्या डोळ्यांना दिसली नाही. बाकावर आमच्यासमोरून गेलेल्या प्रत्येक डब्यात ती होती. नसती तर ते चटकन डोळ्यांत भरलं असतं.

"ती... ती पाठवायच्या वेळी घालतात," आर्लिस म्हणाली. "ट्रकमध्ये आपटू नये म्हणून."

"मग मी ट्रक आहे का?" नॉर्व्हलने विचारलं.

मी आधी हसले, मला आवरलंच नाही. मग आर्लिस, डोळे पुसता पुसता. नॉर्व्हलच्या घशातून खर्र असा आवाज आला आणि मला वाटलं झालं, गेला, पण तोही हसत होता. योलांदा धावत आली आणि दारात उभी राहून "काय झालं, काय झालं" विचारत राहिली, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही सांगता येईना.

आर्लिसने पट्टी काढली. झाकण लावायच्या आधी नॉर्व्हल म्हणाला, "ती इकडे दे. तुझ्या हाताचा भरवसा नाही." पट्टी त्याने शर्टाच्या खिशात घातली. मग म्हणाला, "उशी वर कर," आणि मग, "गिटार दे."

बोटं ताठली होती. पहिले सूर चुकले. पण तार सुटली आणि आवाज गालिच्यावर पडला नाही. तो वर गेला, पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, मागे फिरला आणि हळूहळू विरत राहिला, आणि तो विरायच्या आत नॉर्व्हलने दुसरा सूर लावला. दुधाच्या खोलीत शेवटच्या गाईनंतर तो जी संथ वॉल्ट्झची चाल वाजवायचा, तीच. मी डोळे मिटले तर मला चक्क ताज्या दुधाचा वास आला. योलांदा दाराला टेकून उभी राहिली, कोपऱ्यावरच्या खोलीतून तिला बोलावणारी घंटी वाजत होती तरी.

आर्लिस पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. "हे असं वाजतं?" ती मला म्हणाली. "आपण करायचो ते असं वाजतं?"

"मला काय विचारतेस, मी पण आजच ऐकतेय," मी म्हटलं. 

"मला कुणी सांगितलं नाही, व्हॉनी. एकतीस वर्षं. मला वाटायचं, असेल काहीतरी खुळखुळ." ती हातांकडे बघत राहिली आणि मुळीच न लाजता रडली. वाजवून झाल्यावर नॉर्व्हलने तार हाताने दाबून थांबवली. त्याने डब्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"वाईट नाही," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी योलांदाने सूप पुढे केलं. तो नको म्हणाला. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि त्याने चमचा घेतला. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे, ते मला तिला समजावून सांगावं लागलं.

त्याने तो उन्हाळा बघितला, आणि त्याच्या पुढचाही. शुक्रवारी माशांच्या जेवणानंतर त्याला मोठ्या खोलीत आणायचे आणि तो वाजवायचा. त्या खोलीतल्या बायका त्याच्यासाठी लिपस्टिक लावायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकीने मला विचारलं, एवढा चांगला माणूस अविवाहित कसा राहिला. मी म्हटलं, सकाळी चारला उठून गाईंची धार काढशील का? मग गप्प बसली. आर्लिस दर शुक्रवारी पहिल्या खुर्चीत, टिनाच्या अगदी जवळ. ती भावाकडे कमी आणि टिनाकडे जास्त बघायची.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, दुपारच्या झोपेतच, तो गेला. ऐंशी पूर्ण झाली होती. दफन झाल्यावर चौथ्या दिवशी आम्ही खोली आवरायला गेलो. कपडे, गोधडी, पक्ष्यांचे दाणे. योलांदाने पिशव्या धरल्या, तिला न बोलताना मी तेव्हाच बघितलं. आर्लिसने डब्याच्या तारा सोडवल्या, स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि थांबली.

"पट्टी कुठे असेल?" ती म्हणाली.

खिशात नव्हती, खणात नव्हती. शेवटी ती गिटारच्या पेटीत मिळाली, नव्या तारांच्या पाकिटाखाली. कडा मऊ झाल्या होत्या. आर्लिसने ती बोटाने सरळ केली, दोन्ही स्प्रिंगांखाली अलगद सरकवली आणि झाकण लावलं. या वेळी तिला आपण काय करतोय ते ठाऊक होतं. मी गाडी सावकाश चालवली, तो खड्ड्यांचा रस्ता टाळून, लांबच्या वाटेने. तिने टीन मांडीवर धरला होता आणि वरून दोन्ही हात ठेवले होते. आम्ही दोघीही काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत ते किती अवघड आहे ते आता तुम्हाला कळलंच असेल.

दोन-तीन आठवड्यांनी मी दुपारची तिच्याकडे गेले. ती भांडी आवरत होती. फळीवर, कपबश्यांच्या शेजारी, तो टीन ठेवलेला आणि खाली त्याला जोडलेला नॉर्व्हलचा ॲम्प्लिफायर, दिवा लागलेला. गिटार पेटीतच होती. आर्लिसने एक बशी फळीवर ठेवली, फळीचा हादरा बॉलपेनांच्या स्प्रिंगांनाही न जुमानता टिनाच्या आत पोचला आणि सगळ्या स्वयंपाकघरात एक लांब, मऊ घुमारा उठला, भिंतींपर्यंत जाऊन मागे येणारा. मी जागची हलले नाही. तिने दुसरी बशी ठेवली, जरा सावकाश. पुन्हा तोच. दुधाच्या खोलीत कुणी भांडं खाली ठेवलं की यायचा तसा.

"पट्टी काढलीस?" मी विचारलं.

"काढली," ती म्हणाली. "पोचला ना घरी."

मग तिने मला कॉफी विचारली. मी दोनदा नको म्हटलं.